एकोणशंभर

आमच्या धर्मग्रामाच्या प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात, काही वर्षांपूर्वी भिंतीवर एक मोठा पांढरा कागद लावला होता. डाव्या बाजूला मुलांची नावे आणि प्रत्येक नावापुढे माणसांची छोटी छोटी चित्रे चिकटवलेली. घरात जितकी माणसे तितकी चित्रे. पाठ्यपुस्तकात याला चित्रालेख म्हणतात. माहिती गोळा करायची, तिची वर्गवारी करायची, मोजायचे आणि जे मोजले ते एका दृष्टिक्षेपात दिसेल असे मांडायचे, हा त्यामागील हेतू. सात वर्षांच्या मुलाला त्या कागदाकडे पाहून कोणाचे घर मोठे, कोणाचे लहान, कोणाकडे सारखीच माणसे, हे सांगता येते. शाळेच्या कामासाठी मी त्या दिवशी तिथे गेलो होतो. बाईंनी मला वर्गात बोलावले आणि जरा हसूनच म्हणाल्या, “फादर, एक घोटाळा झालाय. तुम्हीच सोडवा.”

घोटाळा असा होता. एका मुलीने आपल्या नावापुढे सात चित्रे लावली होती. बाई त्याच गावच्या. त्यांना ते घर ठाऊक होते. आजी, आईवडील, काका, ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ, अशी सहा माणसे. मलाही ते घर ठाऊक होते. आमच्या दप्तरातील कुटुंबपत्रकावर सहाच नावे आहेत. मी मुलीला विचारले, “बाळ, सातवं कोण गं?” ती म्हणाली, “मावशी.” ही मावशी म्हणजे त्यांच्या वाडीत विहिरीलगतच्या खोलीत राहणारी एक आदिवासी बाई. केळीला पाणी देणे, गुरांचे पाहणे, फुले तोडणे अशी कामे ती बरीच वर्षे तिथे करीत होती. मी मुलीला समजावले, “अगं, घरातली माणसं म्हणजे कुटुंबातली. कार्डावर ज्यांची नावं असतात ती.” मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पण फादर, ती रोज आमच्याकडंच जेवते. आणि टीचरनी तर घरात किती माणसं, एवढंच विचारलं होतं.” मी काही उत्तर दिले नाही. धर्मगुरू आणि शिक्षिका अशी दोन मोठी माणसे समोर उभी असताना सात वर्षांचे मूल दुसरे काय करणार? तिने नखाने सातवे चित्र खरवडून काढले. डिंक चांगला असल्याने ते पुरते निघाले नाही. कागदावर एक फाटका पांढरा डाग राहिला.

त्या डागाने मला पुढे बरेच काही शिकवले. ते सांगण्याआधी मोजणे म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार करू या. मोजणे ही आपण सर्वांत सोपी गोष्ट समजतो आणि तिथेच आपली पहिली चूक होते.

तीनचार वर्षांचे मूल ‘एक, दोन, तीन, चार’ असे घडाघडा म्हणू लागले की घरात आनंदीआनंद होतो. पाहुण्यांपुढे त्याला उभे केले जाते. परंतु ती अजून मोजणी नसते, ते नुसते गाणे असते. त्याच मुलापुढे पाच चिंचोके ठेवा. ते एका चिंचोक्याला दोनदा बोट लावील, एखाद्याला वगळील आणि तोंडाने मात्र दहापर्यंत जाईल. पुढे बोट आणि शब्द यांची सांगड बसते. एका वस्तूला एकच शब्द, कोणतीही वस्तू सुटायची नाही, कोणतीही दोनदा घ्यायची नाही. एवढे साधले तरी एक पायरी उरते. पाच चिंचोके नीट मोजून झाल्यावर विचारा, “मग किती झाले?” पुष्कळ मुले ‘पाच’ असे न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला शब्द हा केवळ शेवटच्या चिंचोक्याचा नव्हे, तर सगळ्या समूहाचा आहे, हे अजून त्यांना उमगलेले नसते. ज्या दिवशी ते उमगते त्या दिवशी मुलाच्या मनात एक मोठी उडी पडलेली असते. सुट्या सुट्या वस्तूंतून त्याला एक समुदाय दिसू लागतो.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या संख्याज्ञानावरील आपल्या ग्रंथात या पायऱ्या तत्त्वांच्या रूपाने मांडल्या. एकास एक जोडी, शब्दांचा ठरलेला क्रम, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण, ही त्यांपैकी तीन. चौथे तत्त्व असे की कोठूनही मोजायला सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. पाचवे असे की वस्तू भिन्न प्रकारच्या असल्या तरी त्या एकत्र मोजता येतात. हे चौथे तत्त्व मला नेहमी विचार करायला लावते. रांगेत पहिला कोण आणि शेवटचा कोण, याने बेरजेत काडीचाही फरक पडत नाही. चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारा आणि दाराशी उभा राहणारा, दोघेही एक एकच. मानपानाच्या क्रमावर ज्या समाजाचे निम्मे रुसवेफुगवे अवलंबून असतात, त्या समाजातील बालकाला गणित हे पहिल्याच इयत्तेत शिकवून टाकते.

आपल्या जुन्या घरांतून मोजणीचा पहिला पाठ बहुधा जपमाळेवरच होत असे. संध्याकाळी रोझरीला घरातील सर्वजण वेदीपुढे बसत. लहानग्याच्या हाती आजी एक माळ देई. दहा लहान मणी, मग थोडे अंतर सोडून एक मोठा मणी, पुन्हा दहा, असे पाच वेळा. दशमान पद्धतीचे याहून सुबक साधन कोणत्या शाळेत मिळणार? तरीही आजी स्वतः मोजत नसे. मोजण्याचे काम बोटांवर सोपवून तिचे मन मोकळे झालेले असे. हात मोजत होता म्हणून मनाला मोजावे लागत नव्हते. मोजणे हे साधन आहे, साध्य नव्हे, एवढे तत्त्वज्ञान त्या माळेत होते.

आमच्या वसईहून उत्तरेला, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच तत्त्व आयुष्यभर आचरले. १९४५ साली बोर्डीला त्यांचे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरींची महागडी साधने खेड्यात आणणार कोठून? त्यांनी आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांमागे कुरणात नेली. मुलगा शाळेच्या हजेरीपटावर नाही, म्हणजे तो नाहीच, असे त्या दोघींनी मानले नाही. त्यांच्या हिशेबात पट मुलांसाठी होता, मुले पटासाठी नव्हती.

लहान मुलांना ‘येत नाही’ असे म्हणण्याची आपल्याला मोठी घाई असते. स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सारख्याच संख्येच्या गोट्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या. मूल म्हणते, दोन्हींत सारख्या. मग त्याच्यादेखत एका रांगेतील गोट्या लांब लांब सरकवायच्या आणि पुन्हा विचारायचे. पाचएक वर्षांचे मूल म्हणते, लांब रांगेत जास्त. यावरून पियाजे यांनी निष्कर्ष काढला की संख्येचे स्थैर्य या वयात कळत नाही. पुढे १९७० च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी त्याच प्रयोगात एक गंमत केली. मोठ्या माणसाने गोट्या सरकविण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन रांग विस्कटली. आता कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा त्याला वेगळे उत्तर हवे असणार, असे मुले समजत असावीत. ती गोट्या कमी पाहत होती आणि आपले तोंड जास्त पाहत होती. त्या दिवशी माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीनेही तेच केले. तिची मोजणी चुकली नव्हती. तिने माझे तोंड वाचले आणि चित्र खरवडले.

आता थोडे आपल्या भाषेकडे वळू या. मराठी अंक शिकणे सोपे नाही, हे पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया जाणतात. आपण २३ लिहिताना आधी दोन लिहितो आणि म्हणताना मात्र आधी ‘ते’ म्हणतो, मग ‘वीस’. त्यामुळे ‘तेवीस’ ऐकून मूल ३२ लिहिते आणि मार खाते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ दोन’ अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित समितीच्या प्रमुख, ज्येष्ठ गणिती मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची अडचण ध्यानात घेऊन त्या पद्धतीचा पुरस्कार केला होता. भाषेचे सौष्ठव बिघडते, असे विरोधकांचे म्हणणे. गंमत अशी की आपल्या खेड्यांतील जुनी माणसे ‘तीन विसा आणि पाच’ असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करीत आली होती आणि त्यांचा व्यवहार कधी अडला नव्हता. त्या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंना मुलांचीच काळजी होती, असे मी मानतो.

परंतु जुन्या शब्दांत एक गोष्ट आहे, ती हरवू नये असे मला मनापासून वाटते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. यातील ‘एकोण’ म्हणजे ‘एकाने उणे’. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. विसावर नऊ मिळाले, असे ही भाषा म्हणत नाही. एक यायचा राहिला, असे म्हणते. जे आहे ते मोजताना जे नाही त्याची आठवण ती ठेवते. एकोणनव्वदपर्यंत हा नेम चालतो. मात्र शंभराच्या उंबरठ्यावर आल्यावर भाषा तो सोडते. नव्वदावर नऊ, म्हणून नव्व्याण्णव. एकोणशंभर असा शब्द मराठीत रूढ नाही.

माझ्या मते तो शब्द एका मेंढपाळाला ठाऊक होता. लूक आणि मत्तय या दोघांनीही त्याचा दाखला नोंदविला आहे. शंभर मेंढरांतील एक हरवले तेव्हा बाकीची सोडून तो त्या एकाच्या शोधात गेला. प्रवचनांतून आपण या मेंढपाळाच्या प्रेमाविषयी पुष्कळ ऐकतो. पण एक साधा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. एक हरवले हे त्याला कळले कसे? नव्व्याण्णव मेंढरांचा कळप नजरेला शंभरासारखाच दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो फरक कळणे शक्य नाही. तो कळला, कारण संध्याकाळी त्याने मेंढरे मोजली होती. मोजणे हे त्याच्या प्रेमाचे पहिले पाऊल होते. शोध, काट्याकुट्यांतील वाट, खांद्यावर घेणे, शेजाऱ्यांना बोलावून आनंद करणे, हे सारे त्यानंतरचे. जो मोजत नाही त्याला हरवलेले कधी सापडत नाही, कारण काही हरवले आहे हेच त्याला कळत नाही.

येथे विचारी वाचक हरकत घेतील, आणि ती हरकत खोटी नाही. ते म्हणतील, फादर, मोजण्याने माणसाचा आकडा होतो. माणूस हा नाव असलेला, इतिहास असलेला, दुसऱ्या कोणासारखाही नसलेला जीव. त्याला ‘एक’ म्हटले की तो कोणत्याही दुसऱ्या ‘एक’सारखा होऊन जातो. पवित्र शास्त्रातसुद्धा दावीद राजाने लोकांची शिरगणती केली तेव्हा त्याला पुढे पश्चात्ताप झाला आणि राष्ट्रावर मरी आली. यवाब सेनापती त्याला आधीच सांगत होता की हे करू नका.

दावीदाचे नेमके काय चुकले यावर भाष्यकारांत एकमत नाही. मोजणे हेच पाप होते असे म्हणावे, तर त्याच शास्त्रात ‘गणना’ नावाचे आख्खे पुस्तक आहे आणि तिथली शिरगणती देवाच्याच आज्ञेने झालेली आहे. फरक शोधायचा झाला तर मला एक जाणवतो. गणनेच्या पुस्तकातील आज्ञा कुळाकुळांनी, घराण्याघराण्यांनी, नावे घेऊन मोजण्याची आहे. दावीदाच्या हाती मात्र शेवटी आला तो तलवार चालविणाऱ्यांचा एक आकडा. हा माझा अर्थ आहे, तो खरा असेलच असे नाही. परंतु आपल्या अनुभवाशी तो जुळतो. ज्या आकड्याच्या मागे नाव उरले आहे, तो आकडा आपल्याला माणसाकडे परत नेतो. ज्याच्या मागचे नाव पुसले गेले, तो आपल्याच मोठेपणाचा आरसा होतो. सणाला किती हजार लोक आले, किती फटाके वाजले, किती रुपये जमले, हे सांगताना आपला आवाज कसा चढतो, ते आठवून पाहा. मी माझ्यापासूनच सुरुवात करतो. मिस्साला बाकडी भरलेली दिसली की मला बरे वाटते. कोण आला नाही, हे पाहायला त्या दिवशी माझे डोळे कमी पडतात.

मोजणीतील खरी जोखीम मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. पाचवे तत्त्व आठवा. भिन्न वस्तूही एकत्र मोजता येतात. तीन आंबे आणि दोन केळी मिळून किती? ‘पाच’ असे उत्तर देण्यापूर्वी मुलाला मनातल्या मनात एक निर्णय घ्यावा लागतो, की यांना आपण ‘फळे’ म्हणू. संख्या नंतर येते, नाव आधी येते. कशाला ‘एक’ म्हणायचे हे ठरल्याशिवाय मोजणीला प्रारंभच होत नाही. आणि कशाला एक म्हणायचे, हा प्रश्न गणिताचा नाही. तो मोजणाऱ्याच्या मनाचा आहे. घरात माणसे किती? उत्तर सहा की सात, हे बेरजेवर ठरत नाही. ‘घरातले माणूस’ कोणाला म्हणायचे, यावर ते ठरते. म्हणून दुसरीच्या वर्गातील तो चित्रालेख मला आता नीतिशास्त्राचा पहिला धडा वाटतो.

पाच भाकरींचा प्रसंग घ्या. तो चारही शुभवर्तमानांत आहे. जेवणारे पुरुष सुमारे पाच हजार होते. मत्तय प्रामाणिकपणे नोंद करतो की स्त्रिया आणि मुले वेगळी, म्हणजे ती या आकड्यात नाहीत. त्या काळची मोजण्याची रीतच तशी होती. योहान आणखी एक तपशील देतो. त्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळचे होते. आता हे दोन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून पाहा. भाकरी मोजल्या गेल्या, पाच. मासे मोजले गेले, दोन. उरलेल्या टोपल्या मोजल्या गेल्या, बारा. पुरुष मोजले गेले. ज्याच्या शिदोरीवर ते सगळे जेवले, तो मुलगा मात्र त्या पाच हजारांत नाही. त्याची भाकरी हिशेबात आली, तो आला नाही. आपल्या वाड्यांतून, घरांतून, बांधकामांवरून किती माणसांची अशी फक्त भाकरी मोजली जाते! त्यांचे काम आपल्या हिशेबात असते, ती नसतात.

मत्तयाचे एक मात्र मानले पाहिजे. आपण कोणाला मोजले नाही, हे त्याने लिहून ठेवले. तेवढ्या एका वाक्याने दोन हजार वर्षांनी त्या स्त्रिया आणि ती मुले आपल्याला दिसू शकतात. प्रत्येक मोजणीला सीमा असणारच. सीमेशिवाय मोजता येत नाही. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचा दंडक प्रत्येक धर्मग्रामाला घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात कुटुंबवार नोंदवहीचा नमुना दिला गेला. तिचे लॅटिन नाव मोठे सुंदर आहे. त्याचा अर्थ ‘आत्म्यांची स्थिती’. माझे दप्तर त्याच परंपरेतील. त्यात स्नानसंस्कार झालेल्यांची नावे असतात आणि ती आदिवासी बाई ख्रिस्ती नव्हती. म्हणून तिचे नाव माझ्या दप्तरात नसणे ही काही चूक नव्हती. माझी चूक दुसरी होती. मुलीला विचारलेला प्रश्न होता, घरात माणसे किती. मी तिला उत्तर दिले ते माझ्या दप्तराच्या प्रश्नाचे. दप्तराची सीमा ही घराची सीमा आहे, असे मी क्षणात ठरवून टाकले आणि ते ठरवीत आहोत याची मला जाणीवही नव्हती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री त्या घरातून मला फोन आला. मावशीला ताप चढून शुद्ध हरपली होती. तिला दवाखान्यात नेले होते. तिथल्या कागदावर पूर्ण नाव, वय, गाव, जवळचे नातेवाईक असे रकाने होते. घरच्या कर्त्या पुरुषाने अवघडलेल्या आवाजात मला विचारले, “फादर, आपल्या दप्तरात तिचं काही असेल का?” माझ्याजवळ काय असणार? दरवर्षी घरे आशीर्वादित करायला मी त्या वाडीत गेलो होतो. विहिरीपर्यंत पवित्र पाणी शिंपडले होते. त्या खोलीच्या दारावरून पुढे गेलो होतो. आत कोण राहते, हे मला ठाऊक होते आणि तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ‘मावशी’ हे काही नाव नव्हे.

सारे कागद शेवटी त्या मुलीने भरून दिले. झोपेतून उठून ती आईच्या फोनवर एक एक गोष्ट सांगत गेली. मावशीचे नाव, तिच्या बापाचे नाव, जव्हारकडचा तिचा पाडा, तिचे दोन मुलगे आणि त्यांतला धाकटा कोठे कामाला आहे ते. वय तिला सांगता आले नाही. पण ‘मावशीच्या लग्नाच्या वर्षी मोठा पूर आला होता’ हे तिला माहीत होते. एवढे सगळे तिला कसे माहीत? तिने तिला विचारले होते. ज्याला आपण सात या आकड्यातील एक समजलो, ते त्या मुलीसाठी आधी एक माणूस होते आणि मग आकडा. म्हणूनच तिची मोजणी बरोबर होती आणि आमची चुकली. मावशी त्या आजारातून उठली. पुढच्या उन्हाळ्यात तिचे मुलगे येऊन तिला घेऊन गेले.

मी पुढे काय केले, तेही सांगितले पाहिजे. त्या वर्षी कुटुंबपत्रके नव्याने भरताना मी त्यांत एक रकाना वाढविला : ‘या घरात राहणारी इतर माणसे, त्यांची पूर्ण नावे’. हे काही मोठे काम नव्हे आणि ते सर्वांना रुचलेही नाही. कोणी म्हणाले, चर्चला याच्याशी काय करायचे आहे? कोणाला भीती वाटली की उद्या जागेवर हक्क सांगतील. काही पत्रके तो रकाना कोरा ठेवून परत आली आणि त्यांतल्या काही घरांत माणसे राहतात हे मला पक्के ठाऊक होते. त्यांना दोष द्यायला मी कोण? माझा रकाना तर तेवीस वर्षांच्या धर्मगुरूपणानंतर उघडला. शिवाय एवढ्याने प्रश्न सुटतो असेही नाही. नाव लिहिले म्हणजे ओळख झाली, असे मी म्हणणार नाही. लिहिलेले नावही एक दिवस नुसते अक्षर होऊन पडते. रकाना एवढेच करतो की कोणी तरी नाही, हे उद्या कोणाच्या तरी ध्यानात येण्याची शक्यता राखून ठेवतो.

आता आपल्या घरांतील आईवडिलांसाठी दोन शब्द. शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. आपण त्याला घरून हातभार लावावा. मुलाला नुसती उजळणी घोकायला लावू नका. ताटे मांडताना त्याला मोजू द्या. सणाच्या दिवशी लाडू वाटायचे काम त्याच्याकडे द्या. तुला एक, मला एक, असे वाटताना त्याला एकास एक जोडीचे गणितही कळेल आणि न्यायही कळेल. वाटून झाल्यावर एवढेच विचारा, “कोणी राहिलं का?” हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. चिंचोके मोजताना विचारतो तसाच सहजपणे तो विचारावा. पण त्याचे उत्तर ऐकण्याची तयारी मात्र आधी करून ठेवावी, कारण मूल आपल्याला कधी कधी सहाच्या जागी सात सांगेल.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. हिशेब तोच, पण पहिले माप हे आपल्या कर्तबगारीचे नसून मिळालेले दान आहे, याचे स्मरण ठेवून पुढची मापे घालायची. माणसे मोजतानाही अशीच सुरुवात करता आली तर किती बरे होईल!

दुसरीच्या त्या वर्गातील कागद पुढच्या वर्षी काढला गेला. बाईंनी तो टाकून न देता माझ्याकडे आणून दिला. त्यांच्याही मनात काही तरी राहिले असावे. माझ्या दप्तराच्या कपाटात, जुन्या नोंदवह्यांच्या शेजारी, तो घडी घालून ठेवला आहे. एका नावापुढे सहा चित्रे आहेत आणि सातव्या जागी पांढरा डाग. मी तो अधूनमधून उघडून पाहतो. उजेडाकडे धरला की त्या डागात डोक्यावरच्या पदराची कड अजून थोडी दिसते.